जोसेफिन, पूर्वीची गेर्डा

जेरार्ड डिमेलोला स्वतःच्या आजोबांपेक्षा कंपनीच्या मालकांच्या, ओल्डेनहोफ घराण्याचा इतिहास जास्त पाठ. आमच्या दुबईच्या ऑफिसात नवा माणूस आला की त्याची सुटका नसे. जर्मनीतल्या कुठल्याशा नदीकाठी मालकांच्या पणजोबांनी लाकडी होड्या बांधल्या, आजोबांनी लोखंडी जहाजं. मग कारखान्याला कुलूप लागलं, जहाजं तेवढी धंद्यात उरली. गोष्टीचा शेवट ठरलेला. "प्रत्येक जहाजाला घरच्या बाईचं नाव! आणि ते नाव भंगारात कधीच जात नाही. शेवटच्या फेरीआधी पुसतात, दुसरंच कायतरी लिहितात. याला म्हणतात खानदान!"

मला त्या खानदानाचा संताप यायचा. रजा मागितली की 'वी आर अ फॅमिली' म्हणणारे हेच. पण जेरार्डपुढे बोलायची सोय नव्हती.

त्याला कारण होतं. एका उन्हाळ्यात कंपनीचं जहाज शारजात अडकून पडलं. तेव्हा जेरार्डची बायको जोसेफिन रोज खलाशांसाठी जेवण रांधायची. थोरले मालक हाइनरिख आले, तिच्या हातचं सुरमईचं कालवण जेवले आणि म्हणाले, "एक दिवस आमच्या जहाजावर तुझं नाव असेल." म्हातारा वारला. जेरार्ड मात्र वाट बघत राहिला.

यंदा थोरल्या मालकांच्या नातवाचा, लार्सचा मेल आला. शारजा बंदरात उभ्या 'गेर्डा'चं नाव आता 'जोसेफिन' होणार. गेर्डा म्हणजे लार्सची आजी. हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी! जेरार्डनं सगळ्या चर्चला आमंत्रण दिलं. रंगारी नाव लिहीत होता तेव्हा हा भर उन्हात खाली उभा.

"डॅड, इट्स सो रस्टी," त्याची मुलगी वेन्डी म्हणाली.

"अगं, नाव बघ! गंज कसला बघतेस?"

शारजात दारू चालत नाही, म्हणून जहाजावर फोडायला शॅम्पेनची बाटली नव्हती. जोसेफिननं चर्चमधून आणलेलं पवित्र पाणी शिंपडलं आणि नारळ फोडला. नवी साडी नेसली होती ती. लार्सनं टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. खोबऱ्याचा तुकडा त्याच्या हातावर ठेवत तिनं विचारलं, "सर, फर्स्ट ट्रिप कुठे?"

"इंडिया! युअर होम," लार्स खुशीत म्हणाला. "अलंग. माय ग्रँडफादर्स प्रॉमिस. आय केप्ट इट."

गुजरातच्या किनाऱ्यावरच्या अलंगला जहाजं एकाच कामासाठी जातात. कापायला. हे आमच्या ऑफिसात चहावाल्यालाही ठाऊक. जहाज विकल्याचं मात्र जर्मनीनं आम्हाला कळू दिलं नव्हतं. आणि त्या पोराला आपण काय केलं याची कल्पनासुद्धा नव्हती, याचीच मला जास्त चीड आली.

मी जेरार्डकडे बघितलं. घराण्याची रीत त्याच्याइतकी कुणाला माहीत होती? त्याचे ओठ हलले. वाटलं, आता तरी हा माणूस चार शब्द सुनावेल.

"थँक यू, सर," तो म्हणाला.

जोसेफिननं उरलेलं खोबरं पिशवीत टाकलं. तो इतिहास तिनंही जन्मभर ऐकलेला.

"त्यांनी त्यांची गेर्डा वाचवली, जेरार्ड," ती म्हणाली. "आणि तू तुझी जोसेफिन दिलीस."