दाताच्या दवाखान्यातली आतली खोली

“मॅडम, माणसाला दाढा किती असत्यात वो?”

टेबलासमोर मंगलताई उभ्या होत्या. हातात नवऱ्याच्या बिलांच्या झेरॉक्स, चेहऱ्यावर फौजदाराचा भाव. मी सोलापुरात एका विमा ब्रोकरच्या ऑफिसात क्लेम बघते. बावीस वर्षं झाली, पण दाढांची चौकशी पहिल्यांदाच आली.

“दीड महिन्यात सहा रूट कॅनल! आन घरी ऊस सोलून खातुया हा माणूस. मला येडी समजलाय व्हय?”

“सोपानरावांनाच विचारा. क्लेमची माहिती मी दुसऱ्या कुणाला देऊ शकत नाही.”

“मी दुसरी? बायको हाय मी त्यांची!”

“पॉलिसीत तुम्ही डिपेंडंट आहात,” मी म्हणाले आणि जीभ चावली. ताई तरातरा निघून गेल्या.

खरं काय ते मला माहीत होतं. सोपानराव मूळचे मंद्रूप गावचे, आता शहरातल्या जुळे सोलापूर भागात राहतात. खतांच्या कंपनीत सेल्समन. मोटारसायकलवर तालुके पालथे घालणं हीच नोकरी. एकदा हायवेवर ट्रकखाली जाता जाता वाचले. खरचटलंसुद्धा नाही. पण तेव्हापासून गाडीवर बसलं की छातीत धडधड, हाताला घाम. तीनदा ईसीजी काढला, तिन्ही नॉर्मल. शेवटी हार्टच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली: समुपदेशन घ्या. इकडे साहेबांनी बजावलं, तीन महिन्यांत फील्डवर या, नाहीतर दुसरा माणूस बघतो.

डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन ते माझ्याकडे आले. त्यांच्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत ओपीडी कव्हर होतं. म्हणजे अ‍ॅडमिट न होता घेतलेल्या काही उपचारांचेही पैसे मिळतात. त्यात थेरपी होती. मी ऐटीत हेल्पलाइनला फोन लावला आणि नेटवर्कमधला थेरपिस्ट विचारला. नेटवर्क म्हणजे विमा कंपनीशी करार असलेले दवाखाने; तिथं नुसतं कार्ड दाखवायचं.

“नियरेस्ट पुण्यात आहे, मॅडम.”

“पेशंटला हायवेची भीती वाटते.”

“ओके मॅडम. पुण्यात तीन ऑप्शन आहेत.”

मग व्हिडिओ कॉलवर बोलायचं का, असं मी सोपानरावांना विचारलं.

“दोन खोल्यांचं घर हाय, मॅडम. आमच्या भिंतीला कान न्हाईत, पर आई हाय की.”

उरला नॉन-नेटवर्कचा रस्ता. डॉक्टर आपण शोधायचा, पैसे आधी आपण भरायचे, मग बिल पाठवायचं. अट एकच: थेरपिस्टकडे सरकारी नोंदणी हवी आणि तिचा क्रमांक बिलावर हवा.

सोलापुरात थेरपिस्ट शोधणं अवघड नाही. कुणाला कळू न देता शोधणं अवघड. मी ‘भाच्यासाठी’ म्हणून विचारत सुटले. संध्याकाळी बहिणीचा फोन, “आमच्या पोराला काय झालंय गं?”

पहिल्या गृहस्थांनी नोंदणी क्रमांक विचारल्यावर मोबाईल नंबर दिला. दुसऱ्यांच्या बोर्डवर समुपदेशन, करिअर, हस्ताक्षर सुधारणा, सगळं होतं. नोंदणी तेवढी नव्हती. तिसऱ्या मॅडम मात्र रीतसर निघाल्या. मंगळवार-शनिवार एका दाताच्या दवाखान्यातली आतली खोली भाड्यानं घेऊन बसत.

“लई भारी!” सोपानराव खूश. “घरी दातच सांगतो की.”

मी हसले. तिथंच माझं चुकलं.

कारण बाहेर बिलाचं काउंटर एकच. तिथल्या मुलीला त्यांनी गळ घातली, “दाताचंच लिवा ताई, घरी सापडलं तर पंचाईत.” तिनंही भाबडेपणानं दरवेळी रूट कॅनल लिहिलं. सोपानरावांनी ती बिलं मला न दाखवता पाठवून दिली. विमा कंपनीची क्वेरी आली: चिठ्ठी समुपदेशनाची, बिल दातांचं, खुलासा करा. त्याच दिवशी धुवायच्या पँटच्या खिशात मंगलताईंना झेरॉक्स सापडल्या.

ताई गेल्यावर मी सोपानरावांना बोलावून चांगलं फैलावर घेतलं.

“हे खोटं बिल आहे. क्लेम तर जाईलच, वर फसवणुकीचा शेरा बसेल. लेखी खुलासा द्या, खरी बिलं आणा. आणि घरी खरं सांगा.”

“ती म्हनंल, नवऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय.”

“आत्ता त्या काय समजतायत, ते जास्त वाईट आहे.”

त्यांनी क्वेरीचा कागद घडी करून खिशात घातला. मग म्हणाले, “तितं बरं वाटतंय वो, मॅडम. परवा गाडीवर बसून पार नाक्यापतूर गेलतो. आता बंद पडाय नगं.” मला फार वाईट वाटलं, आणि माझ्या हसण्याची लाजही वाटली.

दुसऱ्या दिवशी दोघं जोडीनं आले. स्कूटी मंगलताईंनी चालवली होती.

“मला वाटलं, दुसरी बाई हाय,” त्या म्हणाल्या. “हायच की, पर डॉक्टरीण निघाली! मॅडम, हा माणूस रोज गाडी पुसतुया आन चालत जातुया. मला दिसत न्हाय व्हय? ते सांगत न्हाईत म्हनून मीबी इचारलं न्हाय.”

थेरपिस्ट मॅडमनी काउंटरवर आवाज चढवला आणि स्वतःच्या वहीतल्या तारखांवरून खरी बिलं दिली. आम्ही चूक कबूल करून खुलासा जोडला. तीन आठवड्यांनी क्लेम पास झाला. पुढच्या सेशनपासून मॅडमनी गृहपाठ दिला: मागं बायकोला बसवून रोज थोडं लांब जायचं. साहेबांनी दिलेली मुदत संपायच्या आठवडाभर आधी दोघं हायवेनं मंद्रूपला जाऊन आले. सोमवारी सोपानराव फील्डवर होते.

क्लेमच्या फॉर्मवर ‘आजाराचं स्वरूप’ असा एक रकाना असतो. हल्ली मी लोकांना सांगते, तो आधी घरातल्या एका तरी माणसाला तोंडी भरून दाखवा, मग माझ्याकडे आणा. क्वेरी कमी येतात.