ताकाच्या दोरीला बांधलेला माऊस

आमच्या घरात कॉम्प्युटरमधलं सगळं मला कळतं, असा एक समज होता. तो मीच पसरवला होता.

किकवी गावाच्या वरच्या अंगाला आमची वाडी. घरात मी, माझी बायको वैशाली, आई, एक म्हैस आणि थोडी शेरडं. भोरहून जुना लॅपटॉप आणला, तेव्हा मी सगळ्यात आधी वीजबचत केली. एक मिनिट कुणी हात लावला नाही की त्यानं गपगुमान झोपायचं, असं सेटिंगच करून टाकलं! (मी याहून कमी वेळात झोपतो, पण तो विषय वेगळा.)

"काय फायदा त्याचा?" आईनं विचारलं.

"बॅटरी वाचते."

"वाचवून कुठं न्यायचीय?"

मग मी नुसता हसलो, जाणकार माणसं हसतात तसा.

पुढं वैशालीनं भोरच्या एका शाळेत अर्ज केला. कितीतरी वर्षं ती वाडीतल्या पोरांच्या शिकवण्या घेतेय, पण स्वतःचा वर्ग मिळावा ही तिची फार इच्छा. शाळेनं कळवलं, शिकवतानाचा व्हिडिओ गुरुवारी पाचच्या आत पाठवा. तिनं भाकरीचे तुकडे करून अपूर्णांक शिकवले. काय शिकवलं हो! मला आयुष्यात पहिल्यांदा पाव आणि अर्धा यातला फरक चुलीपाशी बसून कळला. शूटिंग अर्थातच मी केलं आणि "एकदम क्लिअर पाहिजे" म्हणून सगळ्यात मोठ्या साईजमध्ये केलं.

आता गुरुवार म्हणजे आमच्याकडं लाईट नाही. सकाळी जाते ती दिवेलागणीला उगवते. लॅपटॉप बॅटरीवर, नेट मोबाईलचं आणि व्हिडिओ म्हशीएवढा. सकाळीच तो पाठवायला लावला आणि आम्ही चहा प्यायलो. येऊन बघतो तर स्क्रीन काळी! बटण दाबलं, जागा झाला, आणि व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून जायला लागला.

"अहो, तुमच्या त्या बचतीनं झोपला तो!" वैशाली म्हणाली.

"एवढंच ना? आत्ता काढतो."

सेटिंगात गेलो. मिनिटाच्या जागी 'कधीच नाही' केलं. कॉलर ताठ करून बाहेर आलो. मिनिटभरात तो परत झोपला!

"रेंजमुळं होतंय," मी म्हणालो.

"रेंजमुळं झोप येते?"

मी पुन्हा तपासलं. 'कधीच नाही' तिथंच होतं. तरी हा पठ्ठ्या झोपतोच! शेवटी वैशालीनं माझा हात धरून माऊसवर ठेवला. "शेरडांना पाणी दाखवून येते. तवर हलवत बसा. दुसरं काही करू नका. पाया पडते!"

मी बसलो. पण आईनं वाढलेल्या दोन भाकऱ्या आणि पिठलं पोटात, खिडकीतून वारा... पुढचं मला नीट सांगता येत नाही. जाग आली ती वैशालीच्या आवाजानं. माझा हात माऊसवर, माझं डोकं भिंतीला टेकलेलं आणि लॅपटॉप माझ्याही आधी झोपलेला.

ती ओरडली नाही. खाली बसली आणि डोळ्यांना पदर लावला. ओरडली असती तर बरं झालं असतं.

आई कोपऱ्यात ताकाचा डेरा मांडत होती. (मिक्सरचं ताक तिला चालत नाही, आणि गुरुवारी मिक्सर चालत नाही.) तिनं एकदा सुनेकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. माझ्याकडं जरा जास्तच.

"त्यो माऊस नुसता हलता ठिवायचा, व्हय?"

"हो आत्या."

"मग आण की हितं!"

रवीच्या दोरीचं टोक हाताखाली लोंबतं ना, त्याला तिनं माऊस बांधला. खाली पाट सरकवला आणि लागली घुसळायला! दोरी मागं-पुढं, माऊस मागं-पुढं, स्क्रीनवरचा बाण वेड्यासारखा धावतोय आणि लॅपटॉपची काय बिशाद डोळा मिटायची!

"आई, हे असं चालत नसतं," मी म्हणालो.

"चालतंय की! बघ!"

लोणी वर आलं. लोणी आलं की आई हात थांबवते, हा घरचा कायदा. पण व्हिडिओ अजून अर्ध्यावर होता. तिनं गार पाणी घालून घुसळणं तसंच चालू ठेवलं. लोण्याचा पार चिकट गोळा झाला, बॅटरी लाल झाली, दंडाला रग लागून आईचे ओठ आवळले गेले.

"आत्या, मी घेते थोडा वेळ."

"हो बाजूला! हात बदलायला गेलं तर झोपंल त्ये. तुझी नोकरी जाऊ द्यायची न्हाई मला!"

पाचला थोडा अवकाश असताना व्हिडिओ गेला. वैशाली आईच्या गळ्यात पडली, आणि मलाही गहिवरून आलं. अशी माणसं आपल्या घरात असावीत आणि त्यातला आपण एक असावा, काय नशीब म्हणायचं!

लाईट आल्यावर कळलं. झोपेची सेटिंगं दोन असतात, एक चार्जर लावलेला असताना आणि एक बॅटरीवर असताना. मी लाईट गेलेली असताना इमानेइतबारे चार्जरवालं बदलत बसलो होतो.

वैशालीला वर्ग मिळाला. हजर झाली त्या दिवशी मोठ्या बाई तिला म्हणाल्या, "आमचे कॉम्प्युटर शिकवता शिकवता मध्येच बंद पडतात हो. तुमच्या घरी कुणाला कळतं का त्यातलं?"

"कळतं की! सासूबाईंना."

संध्याकाळी हे ऐकून आईनं शाळेत जायला ठेवणीतलं लुगडं बाहेर काढलं, चप्पल पुसली. मी जरा खाकरलो.

"आणि मी? मी नको का यायला?"

"नको कसा? चल की," आई म्हणाली. "डेरा कोण उचलंल?"