दाराबाहेरचे बूट

गार्गी, ओजस — हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांना नाही, तुमच्या बाबाला नाही. देवासमोर हात जोडले तेव्हासुद्धा मी याच्या कडेकडेने निघून गेले. आजीचं सगळं कसं जागच्या जागी असतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. डब्यांवर नावं, चादरींच्या घड्या एका मापाच्या. हे एवढंच कुठे ठेवावं ते मला कधी कळलं नाही.

आधी लादीबद्दल सांगते. मुलुंडचं घर नवं करून घेतलं तेव्हा मी हट्टाने पांढऱ्या टाइल्स बसवून घेतल्या. दुपारी डोंगराकडच्या खिडकीतून ऊन आत यायचं आणि सगळं घर एखाद्या तळ्यावर तरंगतंय असं वाटायचं. मी नुसती बघत बसायचे. चपला दाराबाहेर — हा नियम पाहुण्यांना होता, गॅसवाल्याला होता, सगळ्यांना होता. स्वयंपाकघरात तर देव्हाराच, तिथे प्रश्नच नव्हता.

त्या लादीवर तुमच्या आईची ओली पावलं उमटायची. अंघोळ करून वृषाली थेट ओट्याकडे जायची. डावं पाऊल रांगोळीतल्या लक्ष्मीच्या पावलासारखं — टाच, बारीकशी कड, बोटं. उजवं मात्र अख्खंच्या अख्खं, थापलेल्या भाकरीसारखं. ऊन लागलं की पावलं कडेने विरत जायची. उजवं सगळ्यात शेवटी. मी बघत होते ना? मग मला काय दिसलं? पुसायला हवं, एवढंच.

आधी तिची टाच दुखायची, सकाळी उठल्या उठल्या. मग कंबर, मग पाठ. "आई, पाठीची पार वाट लागलीय," असं हसत म्हणायची आणि चपात्या लाटता लाटता सगळा भार डाव्या पायावर घ्यायची. गार्गी, तू तेव्हा एवढीशी. दोन्ही हात वर करून तिच्यासमोर उभी राहायचीस. ती वाकायची — आणि अर्ध्यातच थांबायची. "आजीकडे जा हां, राणी." आणि तू माझ्याकडे यायचीस. मग आपण दोघी खिडकीत. तू माझ्या कडेवर, डोंगरावरून बगळे परत येत असायचे, आणि तू माझ्या मानेत नाक खुपसून झोपून जायचीस. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात गोड दुपारी त्या. पुढचं सांगणं जड जातं ते म्हणूनच.

घाटकोपरला एक वयस्क डॉक्टर होते, दक्षिणेकडचे. मराठी येत नव्हतं, हिंदी जेमतेम, इंग्रजी मऊ पण भरभर. वृषाली कुडाळची, मराठी शाळेतली. "आई, तुम्ही चला ना. तुमचं इंग्लिश कसं फाडफाड आहे." गेले. मी जन्मभर ऑफिसात इंग्रजीचं मराठी आणि मराठीचं इंग्रजी केलेलं. स्वल्पविरामसुद्धा कधी गाळला नाही, असा मला — गर्वच होता म्हणा ना. गार्गी, तूही होतीस, माझ्या मांडीवर.

डॉक्टरांनी तिचे पाय ओले केले आणि तिला खाकी कागदावर उभं केलं. लादीवर मी रोज बघायचे, तेच कागदावर उमटलं. ते बोटाने दाखवत गेले — या पावलाला कमान नाही, म्हणून ते आत कलतं. मग गुडघा आत वळतो, मग कंबर एका बाजूला झुकते, आणि हे सगळं सावरता सावरता पाठ शिणते. मी ओळीने सांगत गेले.

"म्हणजे माझ्या पाठीचा काही गुन्हाच नाही? सगळी पायाची भानगड?" वृषाली हसायलाच लागली. डॉक्टरही हसले, एक शब्द न कळता.

मग ते तुझ्याकडे बघून शेवटचं एक वाक्य म्हणाले. म्हणताना आधी स्वतःच्या पायातल्या बुटाकडे बोट केलं, मग खालच्या लादीकडे. आणि माझ्या डोळ्यांसमोर काय आलं? माझी पांढरी लादी. तिच्यावर रबरी तळव्यांचे काळे ओरखडे. चपला घालून देव्हाऱ्यासमोर उभी असलेली सून. देवाचं नाव मी नंतर स्वतःपुरतं पुढे केलं. खरं तर देवाचं काहीच म्हणणं नव्हतं.

"काय म्हणतत ओ ते?" वृषालीने विचारलं. ती माहेरच्या बोलीत कधी शिरायची? फार दुखलं की, नाहीतर फार आशा वाटली की.

मी म्हटलं, "बाहेर जाताना चांगले बूट घाल म्हणतात."

ते 'घरात' म्हणाले होते. मी 'बाहेर' म्हटलं. जीभ घसरली नव्हती. मला नीट ऐकू आलं होतं, नीट कळलं होतं, आणि मी शब्द बदलला.

तिने त्याच दिवशी स्टेशनजवळच्या दुकानातून जाड तळव्याचे निळे बूट घेतले. भाजीला जाताना घालायची, तुला शाळेत सोडताना घालायची, आणि घरी आली की शहाण्यासारखी दाराबाहेर काढून ठेवायची. बूट दिवसभर रॅकवर आरामात. ती ओट्याशी अनवाणी. पाठ काही थांबली नाही. डॉक्टरांनी दिलेले व्यायाम आपलेच चुकत असतील, असं तिला वाटायचं. मी त्या बुटांवरची धूळ पुसायचे — हो, तेसुद्धा.

मग तुम्ही तिकडे परदेशात गेलात, ओजस झाला. एकदा व्हिडिओ कॉलवर ती म्हणाली, "आई, इथल्या डॉक्टरने पहिल्याच भेटीत सांगितलं, घरात अनवाणी फिरायचं नाही. केवढा फरक पडला माहितीये? आपल्या त्या घाटकोपरच्या म्हाताऱ्याला सुचलंच नाही बघा."

मी म्हटलं, "हो ना."

ते डॉक्टर तेव्हा हयातही नव्हते. त्या सज्जन माणसावर मी माझं ओझं टाकलं, आणि मग आपण हवापाण्याचं बोललो.

आणि परवा, गार्गी, व्हिडिओ कॉलवर तू मला एक जुना फोटो दाखवलास. बर्फात उभी असलेली आई, कडेवर ओजस. तू हसत म्हणालीस, "याला सारखी घ्यायची. मला कधीच नाही. मला तर आजीनेच सांभाळलं." तुझ्या मागे तुझी आई भांडी घासत होती, पायात घरातल्या मऊ चपला. तिचे हात थांबले. मग पुन्हा चालू झाले. आणि मी? मी हसले. मला ते — आवडलं. यात सगळ्यात वाईट काय असेल तर ते.

तिला तुला घ्यायचं होतं, गार्गी. ती किती वेळा वाकायची ते मी पाहिलंय.

आजी आपल्याला नेहमी इंग्रजीत लिहिते, मग हे मराठीत का, असं तुम्ही विचाराल. तुम्हा दोघांना देवनागरी वाचता येत नाही. हे तुमच्या आईलाच वाचावं लागणार, आणि वाचता वाचता तुमच्यासाठी इंग्रजीत करावं लागणार. ते ठाऊक असूनच लिहिलंय. काय मोठ्याने वाचायचं आणि काय गाळायचं, हे त्या दिवशी माझ्या हातात होतं. आज तिच्या हातात आहे.

वृषाली, तुझं राहिलेलं वाक्य हे. शब्दाला शब्द —

"हिने घरात कधीच अनवाणी चालायचं नाही, स्वयंपाकघरातसुद्धा नाही; मग या छोटीला ती पुन्हा कडेवर घेऊ शकेल."