बोर्डावरची एक रेघ

आमच्या मोठ्या मामांच्या हातात जगातली कुठलीही काठी द्या, ते तिचं जन्मगाव, तिचं वय, तिची दुखणी आणि तिला आजवर कुणी कुणी छळलं हे सगळं सांगतील. फक्त जात सांगणार नाहीत. "ही कोणत्या जातीच्या लाकडाची, मामा?" असं कुणी विचारलं की ते चष्म्यावरून बघतात आणि म्हणतात, "झाड कोणतं ते इचार. जात इचारणारे बहुत झाले." काठी म्हणजे बिलियर्ड्सची, जिला खेळणारे क्यू म्हणतात. मामांनी रायपूरच्या एका जुन्या क्लबात चौतीस वर्षं मार्करची नोकरी केली. क्लबाचं नाव मी लिहीत नाही, कारण आमचं भांडण अजून संपलेलं नाही आणि संपेपर्यंत मला त्यांच्या वकिलाचं पत्र नको आहे. मार्कर म्हणजे टेबलाशी उभा राहून गुण पुकारणारा, ते बोर्डावर मांडणारा, टेबलाच्या हिरव्या कापडाला इस्त्री करणारा, काठ्यांची चामड्याची टोकं बदलणारा आणि सगळ्यांपेक्षा चांगला खेळत असूनही सभासदांनी बोलावल्याशिवाय काठीला हात न लावणारा माणूस. ही व्याख्या माझी. मामांची व्याख्या लहान आहे: "मार्कर म्हंजे ज्याले आकडा इसरता येत नाही."

नोकरी सुटून बारा वर्षं झाली, पण गुढियारीतल्या त्यांच्या दोन खोल्यांमध्ये मार्कर अजून ड्यूटीवर आहे. नळाला पाणी आलं की मामी आणि सूनबाई यांची बाचाबाची होते. मामा दारातल्या खुर्चीवरून, मान न वळवता, क्लबातल्या त्या सपाट आवाजात पुकारतात, "सासू सतरा, सून अकरा." एकदा मामी कळशी खाली ठेवून म्हणाली, "आन् तुमचे किती?" मामा म्हणाले, "मार्करचे गुण नसतात." घरातली कुठलीही लांबट वस्तू ते आधी फरशीवर गडगडवून बघतात, कारण वाकडी काठी गडगडताना उड्या मारते. मामीचं लाटणं त्यांनी असंच तपासलं आणि नापास केलं. मामी म्हणाली, "पोळ्या गोल येऊन राहिल्या ना? मंग खेळायचं हाय का तुमाले त्याच्यानं?" टेबलाचं कापड एकाच दिशेनं झाडायचं असतं, म्हणून ते चादरीवर हात फिरवतात तोही एकाच दिशेनं. बुद्धविहारातली सतरंजी झाडायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं आहे आणि कुणी उलटा झाडू मारला तर वंदना सुरू व्हायच्या आत ते पुन्हा पहिल्यापासून झाडतात. सगळा पारा, म्हणजे आमचा मोहल्ला, उभा राहून वाट बघतो. भंतेजीही.

गेल्या वर्षापर्यंत दुपारी मामा समता कॉलोनीतल्या एका पूल पार्लरमध्ये जाऊन बसायचे. पूल या खेळाबद्दल त्यांचं मत चांगलं नाही. "सहा खड्डे, पंधरा गोळे," ते म्हणतात, "याच्यात चुकायले बी मेहनत लागते. आमच्या खेळात गोळे तीनच. तीन गोळ्यांत माणूस समजून जाते." पण त्या पार्लरच्या मालकाला जुन्या काठ्या जमवायचा नाद आहे आणि मामांना त्या ओळखायचा, त्यामुळे दोघांचं जमायचं. एकदा त्यानं मखमली पिशवीतून एक काठी काढली आणि कुजबुजला, "भैया, लंदन की है. सौ साल पुरानी." मामांनी ती टेबलावर गडगडवली, बुडाकडून फरशीवर आपटून कान लावला, वास घेतला आणि मग अंगठा तोंडात घालून ओला केला आणि लाकडावर घासला. हा अंगठा बघून नवी माणसं जरा मागं सरकतात. मामा मला म्हणाले, "पाह्य, अॅशचं लाकूड असन तं त्याच्यावर बाणासारख्या रेषा असतात. हे मेपल हाय, कोरं." मग त्यांनी मुठीकडं बोट नेलं. तिथं काळं लाकूड पुढच्या फिक्या लाकडात चार टोकांनी घुसवलेलं असतं. "चारी टोकं सुईसारखी, चारी सारखी. मशीननं केली. मानसाच्या हातून चार गोष्टी सारख्या होत नाहीत." मालकाचा चेहरा पडला तेव्हा मामांनी त्याची समजूत घातली, "खेळायले अच्छी हाय. फक्त लंदनले सांगू नको."

आता बोर्डाचं सांगते. त्या क्लबातल्या बिलियर्ड्सच्या खोलीत एक लांब लाकडी बोर्ड आहे. प्रत्येक वर्षी सगळ्यात मोठा ब्रेक, म्हणजे न चुकता सलग केलेले गुण, ज्याचा असेल त्याचं नाव त्यावर सोनेरी रंगानं लिहितात. एका वर्षापुढं नाव नाही. नुसती आडवी रेघ आहे. त्या वर्षी एका सभासदाचा जोडीदार आजारी पडला म्हणून मार्करला खेळायला उभं केलं होतं आणि मार्करनं भरल्या खोलीसमोर एकशे बेचाळीस केले. स्वतःचेच गुण स्वतःच पुकारत. नियमाप्रमाणे बोर्डावर नाव फक्त सभासदाचं. पण तेव्हाचा सेक्रेटरी प्रामाणिक होता. एकशे बेचाळीस डोळ्यांनी बघितल्यावर त्याला दुसऱ्याचं नाव लिहवेना. त्यानं रेघ मारली.

हे मला कळलं तेव्हा मी कॉलेजात होते. जयंतीला वाटायची पत्रकं वडील घरीच बांधायचे, त्या गठ्ठ्यांवर बसून मी अक्षरं शिकले आहे. अन्याय दिसला की माझा हात आधी कागदाकडं जातो. मी क्लबाला अकरा पत्रं लिहिली. 'श्रमिकाचं नाव पुसणारी रेघ' अशी सुरुवात असायची. मामांना दाखवलं की ते म्हणायचे, "पुसलं कुठं? लिवलंच नाही." आणि पत्र घडी करून परत द्यायचे. पण त्यांना ते नाव हवं होतं. हे मामीनं मला सांगितलं. क्लब सोडला त्या दिवशी त्यांनी निरोपाचा हार काढून ठेवला, स्टूल घेतलं आणि सगळा बोर्ड ओल्या फडक्यानं पुसला. ती रेघ मात्र दोनदा.

गेल्या वर्षी क्लबानं खोली नवी करायला काढली. स्टोरमध्ये काळ्या मुठीची एक जुनी काठी सापडली आणि इंग्रजांच्या काळातल्या एका साहेबाची क्यू म्हणून ती काचेच्या कपाटात ठेवायचं ठरलं. ती त्याचीच हे सांगणारा माणूस हवा होता आणि रायपुरात असा माणूस एकच. आताचे सेक्रेटरी स्वतः गुढियारीत आले, चहा प्यायले आणि आम्हा दोघांना गाडीत बसवून घेऊन गेले. मामा ज्या दारानं चौतीस वर्षं आत गेले ते मागचं दार होतं. या वेळी गाडी पुढच्या दाराशी थांबली. मामा जरा गोंधळले आणि त्यांनी पायपुसण्यावर पाय फार वेळ पुसले.

काठी टेबलावर ठेवली होती. शेजारी कागद आणि पेन. सेक्रेटरी म्हणाले, "काका, बस दो लाइन लिख दीजिए कि यही साहब वाली क्यू है. आपसे बड़ा जानकार कौन है." मग त्यांनी बोर्डाकडं बघितलं. "और हाँ, पेंटर तो आ ही रहा है. वो ख़ाली लाइन भी उसी दिन भरवा देंगे. आपका पूरा नाम क्या है?"

माझ्या अकरा पत्रांचं उत्तर एवढ्या सहज आलं होतं. मी मामांच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "लिहून टाका ना मामा. मेलेला साहेब काय करणार आहे?" खोटं बोलायला सांगते आहे असं मला तेव्हा वाटलंही नाही. न्याय मिळतो आहे असंच वाटत होतं.

मामांनी काठी गडगडवली. सरळ गेली. बूड आपटलं, कान लावला. पुढच्या लाकडावर नख फिरवलं. "आगे का अॅश है. विलायती," ते म्हणाले. सेक्रेटरींनी पेन पुढं केलं. तेवढ्यात अंगठा तोंडात गेला. ओल्या अंगठ्यानं त्यांनी मुठीचं काळं लाकूड घासलं आणि त्या काळ्यातून तपकिरी रेषा वर आल्या.

"विलायती मुठीत आबनूस असते. हे आबनूस नाही," मामा मला म्हणाले. मग सेक्रेटरींकडं वळले. "ये तेंदू है, साहब."

"कौन सा तेंदू?"

"जिसके पत्ते की बीड़ी बनती है. उसी पेड़ के अंदर का लकड़ा."

सेक्रेटरींनी काठीवरचा हात काढून घेतला. मामांनी ती त्यांच्यासमोर धरली आणि टोकं मोजून दाखवली. तीन टोकं गोलसर, सारखी. चौथं किंचित तिरपं. हे काम मामांच्या उस्तादाचं होतं. उस्ताद म्हणजे मामांच्या आधीचे मार्कर, पुरानी बस्तीत राहणारे, हाडाचे सुतार. साहेबानं एकदा हरल्यावर ही काठी गुडघ्यावर मोडली होती. ते तुकडे कित्येक वर्षं स्टोरमध्ये पडून होते. मामा नवे लागले त्या वर्षी उस्तादानं पुढचा तुकडा उचलला, जंगलखात्यातल्या ओळखीच्या माणसाकडून तेंदूचा गाभा मिळवला आणि नवी मूठ बसवली. चौथं टोक कापताना काठी धरायला मामा होते. त्यांचा हात हलला.

सेक्रेटरी हुशार माणूस. ते म्हणाले, "पर आगे का हिस्सा तो साहब का ही हुआ न?"

"हव," मामा म्हणाले. "तोड़ने वाला साहब, जोड़ने वाला उस्ताद. दोनों का लिखो."

"काका, कार्ड पर इतनी जगह नहीं होती."

"तो साहब का छोटा लिखो."

कुणीच हसलं नाही. मामांनी पेन घेतलं आणि कागदावर उस्तादाचं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, सावकाश लिहिलं. खाली 'तेंदू' लिहिलं. स्वतःचं नाव लिहिलं नाही. सेक्रेटरींनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि पेंटरचा विषय पुन्हा निघाला नाही. परत सोडायला गाडी नव्हती. तेलघानी नाक्याशी ऑटो अडकला तेव्हा मामा म्हणाले, "ते एकशे बेचाळीस ह्याच काठीनं केले होते मी."

"मग तर तुमचाच हक्क होता, मामा. काहून सोडला?"

"नाव माझं लागलं असतं, पोट्टी. आन् त्याच खोलीत, समोरच्या कपाटात, उस्तादचं काम साहेबाच्या नावानं. रोज कोणाले तोंड दाखवलं असतं मी?" मग माझ्याकडं वळून म्हणाले, "आन् तू. तू तं पत्रकं लिवते ना?"

एवढंच म्हणाले. त्यांनी मला फरशीवर गडगडवून बघितलं होतं आणि मी उडी मारली होती.

त्या आठवड्यात मी पत्रक लिहिलं आणि पहिल्यांदाच मामांना आधी वाचायला दिलं. ते लाल पेन्सिल घेऊन बसले. 'ऐतिहासिक', 'अद्वितीय', 'प्रचंड' हे शब्द खोडून तिथं एकशे बेचाळीस लिहिलं. पहिल्या ओळीत त्यांचं नाव होतं, तिथं उस्तादाचं घातलं. स्वतःचं चौथ्या ओळीत ठेवलं. तेही मी हट्ट केला म्हणून. पाचशे प्रती मी क्लबाच्या फाटकाशी उभी राहून वाटल्या. सेक्रेटरींनीही एक घेतली, चांगल्या शब्दांत नमस्कार करून. कपाटात आता दुसरीच कुठलीतरी काठी आहे. पेंटर आला, त्यानं सगळा बोर्ड नवा केला आणि कुणी न सांगितल्यामुळं ती रेघसुद्धा नव्यानं सोनेरी केली. तेंदूची काठी कपाटाच्या कामाची उरली नव्हती. क्लबाच्या एका शिपायानं ती जुन्या सामानातून काढून गुढियारीत आणून दिली. आता ती मामांच्या भिंतीवर दोन खिळ्यांवर आहे आणि खाली माझ्या अक्षरातलं कार्ड आहे. कार्डावर दोन्ही नावं मावली. साहेबाचं छोटं आहे.

रेघेचा मी पिच्छा सोडलेला नाही. बारावं पत्र गेलं आहे, तेरावं लिहून राहिले आहे, आणि दर जयंतीला ते पत्रक पुन्हा छापायचं मी ठरवलं आहे. मामा आता त्याला नको म्हणत नाहीत, फक्त आकडा तपासतात. वाचून मात्र मला दाखवावं लागतं, कारण त्यांचे डोळे या वर्षी बरेच गेले. पार्लरमध्ये जाणं थांबलं आहे. दुपारी मी गेले की ते काठी उतरवायला सांगतात आणि मांडीवर घेऊन बसतात.

"अॅशचे बाण दिसून राहिले का?" ते विचारतात.

पूर्वी मी न बघताच हो म्हटलं असतं, म्हाताऱ्या माणसाला बरं वाटावं म्हणून. आता मी काठी खिडकीशी नेते, उजेडात धरते आणि बघते. "पुढचे तीन दिसतात, मामा. मधले झिजले."

"हव," ते म्हणतात, आणि काठी परत घेतात. मग त्यांचा अंगठा मुठीवरून फिरत फिरत चौथ्या टोकाशी जातो आणि तिथं थांबतो. तेवढं अजून त्यांना कुणाला विचारावं लागत नाही.