नवरदेव रुसतो, नवरीचं डोकं दुखतं

मला राग येतो. एवढं साधं वाक्य लिहायला पन्नाशी उलटावी लागली, त्याचाही येतो.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली, परतूरची. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. इंग्रजी घेतलेल्या आम्ही तिघीच मुली. सर मोठे खोडसाळ. एकदा त्यांनी फळ्यावर 'अँगर' लिहिलं आणि खाली त्याची भावंडं मांडली: इरिटेशन, रिझेंटमेंट, फ्युरी, रॅथ, इंडिग्नेशन. म्हणाले, "हे सगळे रागच, पण एकाचं काम दुसरा करत नाही. उद्या प्रत्येक शब्दाला एक वाक्य आणा. पुस्तकातलं आणाल तर वही भिरकावून देईन. आपल्या घरातलं पाहिजे."

आमच्या घरी अशा वाक्यांना काय तोटा! इरिटेशन म्हणजे चिडचीड, ती चहा गार झाला की काकाची. फ्युरी म्हणजे आंधळा संताप, तो वडिलांचा. गडी उशिरा आला की हातातला तांब्या फेकून मारायचे. रॅथ म्हणजे देवादिकांचा कोप, तो आजोबांचा. त्यांचा पारा चढला की रेडिओसुद्धा बंद व्हायचा. रिझेंटमेंट म्हणजे मनात धरून ठेवलेला, आतल्या आत कुजणारा राग. त्याला भावकीतली दोन घरं होती, बांधावरून वर्षानुवर्षं न बोलणारी. भराभर लिहून झालं आणि मग लक्षात आलं, सगळ्या वाक्यांत बाप्येच. घरात आम्ही पाच बायका, आणि एकीचं वाक्य नाही.

चुलीपाशी जाऊन विचारलं, "माय, तुला कधी राग येतो गं?"

ती भाकरी थापत होती. "बायकांना कुठं राग येतो? बायकांचं डोकं दुखतं," म्हणाली आणि हसली. मीही हसले. आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

खोटं नव्हती सांगत. वडील ओरडले की "तापट माणूस हाय," तेही कौतुकानं. काकू बोलली की कटकट, आजी बोलली की किरकिर, आत्या बोलली की तणतण, आणि मी बोलले की "लई तोंड चालायलं हिचं." शब्दांची काही कमी नव्हती आमच्याकडे. राग एवढा एकच शब्द बायकांना द्यायचा नाही, असं जणू ठरलं होतं.

इंडिग्नेशनची जागा मी कोरी सोडली. सरांनी दुसऱ्या दिवशी समजावलं: अन्याय झाला की येतो तो राग, हक्काचा. ज्याला येतो त्यानं मान खाली घालायचं कारण नाही. मी वहीत उतरवून घेतलं.

त्याच उन्हाळ्यात माझं लग्न ठरलं. मुलगा भोकरदनकडचा, पिंपळगाव रेणुकाईचा, शेतीवाडीवाला. तिथी धरली आणि मागून परीक्षेचं टाइमटेबल आलं. इंग्रजीचा शेवटचा पेपर नेमका लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, अकरा वाजता. मी घर डोक्यावर घेतलं. शेवटी वडिलांनी बैठकीत विषय काढला, तर सासरे म्हणाले, "एका दिसाचं काय घेऊन बसले? होऊ द्या पेपर, मंग न्यू आम्ही पोरगी." दहा माणसांत म्हणाले. मी हळदीच्या अंगानं नोट्स वाचल्या. बाकीचे सगळे पेपर दिले होते, पदवी ह्या एकावर अडली होती.

आमच्याकडे लग्नात जावई रुसतो. रुसायचंच असतं. ताट वाढलं की तो हात आखडून, तोंड फुगवून बसतो. मग सासऱ्यानं पुढं होऊन विचारायचं, "काय पाहिजे जावईबापू?" घड्याळ म्हणा, टेप म्हणा, हातात पडलं की त्यानं घास घ्यायचा. वडिलांनी घड्याळ आधीच आणून ठेवलं होतं.

दुपारी लग्न लागलं, पंगत बसली, आम्ही दोघं शेजारी शेजारी. नवरदेव रुसला. वडिलांनी घड्याळ काढलं, त्यानं मान हलवली. मामानं टेप पुढं केला, तरी नाही. मंडपात मजा चालली होती. मग तो म्हणाला, "मला काई नको. नवरी आजच पाठवा." मागं त्याचे दोस्त खिदळले. बायको पेपर द्यायली आन् नवरा एकटाच वापस चालला, म्हणून सकाळपासून ते त्याला छळत होते, हे मला मागाहून कळलं.

मी वडिलांकडं पाहिलं. नाही म्हणतील असं वाटलं, शब्द झाला होता. आणि हा गड्यावर तांब्या फेकणारा माणूस हात जोडून म्हणाला, "बराबर हाय. जावयाचा मान. आजच पाठवतो." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मी ताट सरकवलं. "मी बी रुसले," मोठ्यानं म्हणाले. "मला पेपर पाहिजे."

आधी हशा पिकला. मी घास घेतला नाही. "उद्याचा पेपर दिल्याबिगर मी जीपमधी बसणार न्हाई," म्हणाले, तेव्हा एकेक सुरू झालं. "उपास हाय, पित्त चढलं असंल." "ऊन लागलं." "नजर लागली पोरीला, मीठ-मिरच्या आणा." आणल्या की हो! आत्यानं सात वेळा उतरवल्या, निखाऱ्यावर टाकल्या, सगळी पंगत खोकायला लागली. अरे, एवढ्या माणसांत एकानं तरी म्हणावं ना, पोरीला राग आलाय!

माय आली. मला वाटलं, ही तरी म्हणेल. तिनं माझ्या ताटातला घास उचलून तोंडाशी धरला. "खाय," म्हणाली. मग कुणाकडंच न बघता, "डोकं दुखायलं तिचं."

मी घास खाल्ला. चार वाजता मला जीपमध्ये बसवलं.

दुसऱ्या दिवशी रेणुकामातेच्या देवळात आम्ही जोडीनं दर्शनाला गेलो, पदराला शेल्याची गाठ. कुणीतरी म्हणालं, "अकरा वाजले, जल्दी आटपा." परतूरला आता पेपर वाटले असतील, असं मनात आलं आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. थांबेचना. मुठी आवळल्या होत्या, नवा चुडा मनगटात रुतत होता. सासू तशी चांगली बाई. जवळ येऊन पदरानं माझे डोळे पुसत म्हणाली, "माहेर आठवलं व्हय गं माय?" भोवतालच्या बायका हळहळल्या. सगळ्यांना माझी दया आली.

राग आलाय, एवढे दोनच शब्द बोलायचे होते. मी मान हलवली. "हो, माहेर आठवलं," म्हणाले.

पदवी राहिली ती राहिलीच. नवऱ्याला मी केव्हाच माफ केलं, वडील तर आता नाहीत. देवळात मान हलवणाऱ्या त्या पोरीला मात्र मी अजून माफ केलेलं नाही.