परत आलेल्या शेगड्या

ओमानमध्ये सहमला माझं गॅसच्या शेगड्यांचं दुकान आहे. ते मी एकट्याने उभं केलं, त्याबद्दल मला कोणाचे आभार मानायचे नाहीत. दुकान चांगलं चालतं, तब्येत ठीक आहे, तक्रार करावी असं फारसं काही नाही. एक सोडून.

शेगडी हा आमच्या घराण्याचा एकोणिसाव्या शतकापासूनचा धंदा. मुंबईत आमचा कारखाना होता. तिथे ओतीव लोखंडाच्या, कोळशाच्या शेगड्या बनत. मालकाचे दोन मुलगे, थोरला माझ्या लांबच्या चुलतभावाचा पणजा, धाकटा माझा. चुलत घराणं कायम सांगत आलं की कारागीर थोरला; धाकटा नुसता भाता ओढायचा. पुरावा म्हणजे कारखान्याची वही, आणि ती त्यांच्या कपाटात. मला कधी दाखवली नाही. लग्नात असो की मय्यतीत, माझी ओळख एकच, 'भातेवाल्यांचा'.

गेल्या थंडीत चुलतभाऊ मुंबईहून मस्कतमधल्या अल् घुब्राला मुलीकडे राहायला आला. मी फोनवर त्याला इतकं छळलं की त्याने वही बॅगेत घालून आणली. शुक्रवारी नमाज आटोपून मी थेट गाडी काढली.

वही उघडली तर आत सगळं मोडी. त्या काळी व्यापारी मोडीतच लिहायचे.

"भाई, वाच."

"मला कुठं मोडी येते?"

"मग जन्मभर छातीशी धरून काय बसलास?"

"अब्बा सांगायचे त्यात काय आहे ते."

"त्यांना यायची?"

तो चहात बिस्किट बुडवू लागला. माझं डोकं असं फिरलं की त्याची मुलगी दार लावून घ्यायला धावली.

तिनेच मग शेजारच्या पुण्याच्या बाईंना बोलावलं. त्या हौसेने मोडी शिकल्या होत्या. चार पानं पाहून त्या म्हणाल्या, "काका, ही तक्रारींची वही आहे. मोडून परत आलेल्या शेगड्यांची."

एक नोंद त्यांनी वाचली: पाय निखळला, हस्ते, आणि पुढे माझ्या पणजोबांचं नाव. दुसरी: जाळीला तडा, हस्ते तेच. पुढच्या पानावरही तेच.

"हस्ते म्हणजे आणून देणारा," भाई खूश होऊन म्हणाला. "म्हणजे भाता पण नाही, हमाल!"

मी काही बोलणार तेवढ्यात बाईंनी बोट वर केलं. "थांबा. खाली मालकाचा शेरा आहे. 'पुन्हा त्यानेच करून द्यावी.'"

भाता ओढणाऱ्याला कोणी शेगडी पुन्हा करायला सांगत नाही. पणजोबांनी ती केली होती, म्हणूनच ती मोडली होती.

"आमच्या पणज्याची एकही परत आलेली नाही," भाई म्हणाला.

"किंवा त्याने एकही केली नाही."

बाई हसल्या, मुलगी हसली. शेवटी भाईही हसला. "यल्ला, चल, होता कारागीर. पण वाईट."

"चांगला म्हण."

"चांगल्याचे पाय निखळतात?"

"मध्यम."

"कच्चा. त्याच्या वर जात नाही मी."

इतकी वर्षं बाजारात काढली आहेत. मी वही मिटली, उठलो आणि दाराशी जाऊन चपला घातल्या. जिन्याची पहिली पायरी उतरलो तशी हाक आली, "अरे बस की. बरा होता."

'बरा'वर सौदा पटला. त्या दिवशीसारखी सुरमई मी मस्कतमध्ये कधी खाल्ली नाही.

जेवणानंतर कागद पुढे केला, कारण हा माणूस मुंबईला पोचला की शब्द फिरवेल. त्याने पणजोबांचं नाव लिहिलं आणि पुढे 'बरा' लिहायला लागला. मी त्याचा हात धरला.

"आधी 'कारागीर' लिही," म्हटलं. "बरा मागाहून."