खारीच्या पदरांत अक्रोड

माझ्या नणंदेला मी बत्तीस वर्षं घाबरत होते. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत तिने माझी करंजी उचलून कानाशी हलवली. आत सारण खुळखुळलं. मग तिने ती करंजी शेजारच्या काकूंच्या हातात दिली, म्हणजे त्यांनाही ऐकू यावं. पुढे ती कॅनडाला गेली, तिथल्या औषधांच्या प्रयोगशाळेत आयुष्यभर नोकरी करून निवृत्त झाली, पण फोनवर तिचा आवाज आला की मी उभी राहूनच बोलायचे.

गेल्या डिसेंबरात ती दोन महिन्यांसाठी नारायण पेठेत आमच्याकडे राहायला आली. बॅगेतून तिने लोकरी मोज्यांत गुंडाळलेल्या मेपल सिरपच्या दोन बाटल्या काढल्या. माझ्या नवऱ्याने चमचाभर चाखून सांगितलं, "काकवी आहे."

"काकवी उसाची असते. हे झाडाच्या खोडातून ठिबकतं. बादल्याच्या बादल्या आटवल्या की एवढंसं होतं."

"एवढा खटाटोप करून काकवीच झाली ना शेवटी," असं म्हणून त्याने पेपर उघडला.

तिच्या तिथल्या शेजारणीने तिला करंजीसारखा एक प्रकार शिकवला होता. मैदा-लोण्याची पारी, आत भाजलेले अक्रोड आणि हे सिरप, आणि तळायचं नाही, ओव्हनमध्ये भाजायचं. तिला तो आम्हाला करून घालायचा होता. अडचण एकच होती, आमच्याकडे ओव्हन नाही. मायक्रोवेव्ह आहे, त्यात आम्ही दूध गरम करतो. तिचा चेहरा इतका पडला, की माझ्या तोंडून निघून गेलं, "कोपऱ्यावरच्या बेकरीत विचारू या का? माझी आई घरून पीठ मळून न्यायची आणि बेकरीतून नानकटाई भाजून आणायची."

बेकरीचे मालक सत्तरीला आलेले. भट्टी त्यांच्या आजोबांनी घातलेली. सगळी पेठ त्यांना चाचा म्हणते. त्यांनी आमचं शांतपणे ऐकून घेतलं.

"ताई, घरचं पीठ घेऊन कोणी आलं त्याला जमाना झाला. उद्या चारला या. पाव निघाले की भट्टी मोकळी असते."

"तापमान किती असतं?" नणंदेने विचारलं.

"आत हात घालतो आणि मोजतो. दहापर्यंत मोजता आलं तर भट्टी थंड आहे."

नणंदेने माझ्याकडे पाहिलं. मी टोस्टच्या बरणीकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून तिने ग्रॅमचा काटा लावून पीठ मोजलं, मी पाऱ्या लाटल्या. ती समोर बसल्यामुळे मी प्रत्येक पारी गच्च भरत होते. इतकी गच्च, की कडा मिटेनात. चाळीस करंज्या झाल्या. चार वाजता दोन ताटं फडक्याखाली झाकून आम्ही बेकरीत गेलो. चाचांनी त्या पत्र्यावर मांडल्या आणि पत्रा लांब दांड्याने आत सारला.

पाच मिनिटांत जळक्या साखरेचा वास आला. चाचांनी पत्रा ओढून काढला. चाळीसच्या चाळीस करंज्या तोंडं उघडून बसल्या होत्या आणि त्यांच्याभोवती काळा पाक बुडबुडत होता. चाचांनी पत्रा ओट्यावर ठेवला. मग मीच बोलले. का, ते मला अजून कळलेलं नाही.

"वन्सं, सारण खुळखुळत मात्र नाही हं."

नणंद माझ्याकडे बघत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. ती मागच्या मैद्याच्या पोत्यावर बसली आणि हसायला लागली. आधी आवाज न करता, मग खिंकाळून, मग चष्मा काढून डोळे पुसत. "तुला आठवतंय ते," ती म्हणाली. "मेले, एवढी वर्षं आठवतंय तुला." मलाही हसू आवरेना. मी तिच्याशेजारी पोत्यावर बसले. ती उठली तेव्हा तिच्या काळ्या पँटवर पोत्याचा पांढरा ठसा उमटला होता. तो बघून आम्ही परत बसलो.

चाचांनी तेवढ्यात एक करंजी खरवडून आतलं सारण खाल्लं.

"माल झकास आहे," ते म्हणाले. "फक्त वरचं घर चुकलं. पातळ पाकाला धरून ठेवायला आत काहीतरी पाहिजे. आहे का अजून?"

अक्रोड पिशवीत होते, सिरपची दुसरी बाटली घरी होती. मी अठ्ठावन्न वर्षांची बाई, ओढणी कमरेला खोचून भर पेठेतून धावत सुटले. एका स्कूटरवाल्याने विचारलं, "काकू, कोणी मागे लागलंय का?" मी नुसता हात हलवला आणि पळत राहिले. परत येईपर्यंत चाचांनी चार टोस्ट कुटून चुरा केला होता आणि खारीचं पीठ लाटून चौकोन कापले होते. चुरा, अक्रोड आणि सिरप एकत्र केल्यावर सारण घट्ट झालं. ते भरलं, कडा काट्याने दाबल्या. नणंदेने ग्रॅमचा काटा पिशवीतून काढलाच नाही.

या वेळी पत्रा बाहेर आला तेव्हा एकेक चौकोन उशीसारखा फुगला होता. नणंदेने वरून सिरपचा हात फिरवला, चर्र आवाज झाला. कोणी थांबायला तयार नव्हतं. आम्ही तिघांनीही जीभ भाजून घेतली. आधी खारीचे पदर मोडायचे, मग कोमट, चिकट अक्रोड, आणि शेवटी धुरकट गोडी जिभेवर रेंगाळायची. चाचा डोळे मिटून खात होते.

तेवढ्यात कापडी पिशवी घेऊन एक गृहस्थ पावासाठी आले.

"हे काय आहे?"

"विकायला नाही," चाचा म्हणाले.

"मग एवढा वास कशाला सोडलाय?"

चाचांनी त्यांच्या हातावर एक ठेवलं. त्यांनी ते परीक्षा घेतल्यासारखं सावकाश चावून खाल्लं आणि म्हणाले, "बरं आहे." आमच्या भागात माणूस याच्या पुढे जात नाही. मग त्यांनी बायकोसाठी म्हणून आणखी एक मागून घेतलं. कोपऱ्यावर वळताना त्यांचा हात तोंडाकडे गेलेला आम्ही तिघांनी पाहिला.

पुढच्या आठवड्यात लोक "ते परवाचं" विचारायला लागले. चाचांनी आम्हाला परत बोलावलं. तेव्हापासून नणंदेचा मुक्काम संपेपर्यंत दर गुरुवारी चार वाजता आम्ही बेकरीत असायचो. सिरप संपलं तसं आम्ही सारणात काकवी घालायला लागलो. सारण मी भरायचे, भट्टी चाचांची, आणि नणंद डोक्याला रुमाल बांधून काउंटरवर उभी राहायची. पहिल्या दिवशी ती सगळ्यांशी अदबीने बोलली. तिसऱ्या गुरुवारी एका बाईंनी विचारलं, "ताजं आहे ना?"

"नाही, कॅनडाहून येताना आणलंय," ती म्हणाली.

"ताई," चाचा भट्टीपाशी वाकून हळूच म्हणाले, "गिऱ्हाईक आहेत त्या."

मी सारणाचा चमचा हातात धरून भिंतीकडे तोंड केलं. त्या बाईंनी मात्र शांतपणे म्हटलं, "मग चार द्या," आणि नणंदेने एक जास्त घालून पुडा बांधला. त्या दुकानाबाहेर जाईपर्यंत आम्ही दोघींनी कसंबसं हसू दाबून ठेवलं.